घन पॅराहायड्रोजनचा लेसर वर्णपट : प्रकल्प नोंदी

३ जुलै

गोठवलेल्या हायड्रोजनच्या दोन अवरक्त रेषा डायोड लेसरने मोजायच्या आणि त्यांवरून नमुन्यात ऑर्थोहायड्रोजन किती उरला आहे हे ठरवायचे, एवढेच या कामाचे मर्यादित उद्दिष्ट आहे. हायड्रोजनच्या रेणूचे दोन प्रकार असतात: ऑर्थोमध्ये दोन्ही अणुकेंद्रांच्या फिरक्या समांतर असतात, पॅरामध्ये परस्परविरुद्ध. पहिली रेषा एस-१(०), ज्यात रेणूचे कंपन आणि फिरणे दोन्ही चेतवले जातात; ती घन अवस्थेत सुमारे ४,४८६ प्रति सेंटीमीटर तरंगसंख्येला (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या), म्हणजे २.२३ मायक्रोमीटरला येते. दुसरी क्यू-१(०), म्हणजे नुसत्या कंपनाची, जी ४,१५३ च्या आसपास, म्हणजे २.४१ मायक्रोमीटरला येते. दोन्हींसाठी स्वतंत्र लेसर लागतो, आणि संपूर्ण मांडणीत सर्वाधिक पैसा याच दोन वस्तूंवर गेला आहे.

कोणत्या ग्रहावर हायड्रोजनचा बर्फ असतो, असे हे काम ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून उत्तर येथेच लिहून ठेवतो. कुठेही नसतो. पॅराहायड्रोजन १३.८ केल्विनला गोठतो, तर प्लूटो आणि ट्रायटन यांचे पृष्ठभाग ४० केल्विनच्या आसपास आहेत आणि चंद्राच्या ध्रुवाजवळील कायम सावलीतली सर्वांत थंड विवरेही १३.८ पर्यंत उतरत नाहीत. २०१७ साली सापडलेला आंतरतारकीय पाहुणा ‘ओउमुआमुआ’ हा हायड्रोजनचा हिमखंड असावा, अशी कल्पना २०२० साली मांडली गेली. त्याच वर्षी तिच्यावर गंभीर आक्षेपही आले. आमचा संबंध हिमखंडांशी नाही, मोठ्या ग्रहांच्या वातावरणांशी आहे. हायड्रोजनच्या एकट्या रेणूला विद्युत द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार) नसतो, त्यामुळे तो अवरक्त प्रकाश जवळजवळ शोषत नाही. शेजारी दुसरा रेणू आला, की त्याच्या विद्युतक्षेत्रामुळे क्षणभर द्विध्रुव निर्माण होतो आणि शोषण शक्य होते. खगोलशास्त्रज्ञ कायपर यांना १९४९ मध्ये युरेनस व नेपच्यून यांच्या वर्णपटांत ८२७ नॅनोमीटरजवळ दिसलेला अनोळखी पट्टा असाच प्रेरित शोषणाचा होता. वर्णपटशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी १९५२ मध्ये, ७८ केल्विनपर्यंत थंड केलेल्या आणि १०० वातावरणे दाबाखालील हायड्रोजनमधून ८० मीटर अंतर प्रकाश नेऊन तो ओळखला.

वायूमधील टक्कर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आसपास संपते, म्हणून तेथील पट्टे शंभर प्रति सेंटीमीटर किंवा त्याहूनही रुंद असतात. घनामध्ये बारा शेजारी ३.७९ अँगस्ट्रॉमवर कायम उभे असतात, टक्कर संपतच नाही, आणि त्यामुळे त्याच यंत्रणेतून उमटणाऱ्या रेषा लेसरने मोजाव्यात इतक्या बारीक होतात.

११ जुलै

सेल, म्हणजे नमुना गोठवण्याची कुपी, तयार झाला. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा दंडगोल, आतील व्यास २० मिलिमीटर, प्रकाशाचा मार्ग ३० मिलिमीटर, दोन्ही टोकांना ३ मिलिमीटर जाडीच्या सफायरच्या खिडक्या आणि मध्ये इंडियमच्या तारेची सील. सेल बंदचक्री शीतकाच्या ४ केल्विनच्या टप्प्यावर बसवला असून तापमापी सेलच्या अंगात, खिडकीच्या शक्य तितका जवळ लावला आहे.

घन हायड्रोजनचा एक घन सेंटीमीटर खोलीच्या तापमानाला साधारण एक लिटर वायू होतो. आमच्या सेलमध्ये नऊ-दहा लिटर वायू मावेल, म्हणून गॅसच्या नळीवर सुटका झडप आणि वीस लिटरची रिकामी टाकी प्रथमपासूनच जोडली. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तृत मर्यादेत हायड्रोजन पेट घेतो. सर्व पंपांचे निष्कास थेट बाहेर नेले आहेत आणि त्या वाटेवर विजेचे एकही उघडे बटण ठेवलेले नाही.

१९ जुलै

सील खोलीच्या तापमानाला निर्दोष आहे. लीक डिटेक्टरवर काहीही दिसत नाही. शीतक सुरू केल्यावर मात्र सुमारे १०० केल्विनपाशी गळती उघडली. खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत येताना तांबे सुमारे ०.३ टक्के आकसते आणि सफायर त्याच्या चौथ्या भागाहून थोडे अधिक. शिवाय स्टीलचे बोल्ट तांब्याच्या बरोबरीने आकसत नाहीत, त्यामुळे थंडीत इंडियमवरचा दाब सुटतो. बोल्ट अधिक आवळणे हा यावरचा इलाज नव्हे, कारण त्याने खिडकीला ताण बसतो. प्रत्येक बोल्टखाली बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर घातले, इंडियमची तार नवी घेतली, आणि आवळल्यावर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा दिला, कारण इंडियम तासन्‌तास पसरत राहते. गळती गेली. थंड करून पुन्हा गरम करण्याच्या एका फेरीला जवळजवळ दोन दिवस लागतात. पुढे हे काम करणाऱ्याने सील आधी द्रव नायट्रोजनमध्ये तपासून घ्यावी आणि मगच शीतक सुरू करावा.

२ ऑगस्ट

पहिला नमुना सिलिंडरमधील साध्या हायड्रोजनचा होता, म्हणजे तीन-चतुर्थांश ऑर्थो. आधी १६ केल्विनला द्रव करून मग गोठवला. अपेक्षेप्रमाणे वाईट निघाला: गोठताना हायड्रोजनचे आकारमान दहा टक्क्यांहून अधिक घटते, त्यामुळे मध्यभागी पोकळी राहिली आणि तिच्याभोवती पांढुरके जाळे तयार झाले. प्रकाश पलीकडे पोहोचला, पण रेषा अनेक प्रति सेंटीमीटर रुंद आणि ढबू.

रुंदीचे मुख्य कारण पोकळी नव्हे, ऑर्थो आहे. ऑर्थो रेणू फिरत्या अवस्थेत गोठतो, त्याचे चतुर्ध्रुव क्षेत्र (रेणूतील विद्युतभार गोलाकार पसरलेला नसल्याने त्याच्याभोवती असणारे क्षेत्र) शेजाऱ्यांवर पडते, आणि प्रत्येक रेणूचा शेजार वेगळा असल्यामुळे प्रत्येकाची रेषा थोडी वेगळीकडे सरकते.

ऑर्थो आपोआप पॅरा होतो, तर नुसती वाट का पाहू नये, असा प्रश्न गटात निघाला. हिशेब मांडून पाहिला. घनातील रूपांतर ऑर्थोच्या जोड्यांमधून होते, म्हणून त्याचा वेग प्रमाणाच्या वर्गानुसार चालतो. स्थिरांक ताशी सुमारे १.९ टक्के. पंच्याहत्तर टक्क्यांवरून त्याच्या निम्म्यावर यायला सत्तर तास पुरतात, परंतु एक टक्क्यावर यायला पाच हजारांहून अधिक तास, म्हणजे सात महिने लागतील, आणि तेथून पुढची वाट तर विचारातही घ्यायला नको. ऑर्थो जितका कमी उरतो तितके त्याला जोडीदार मिळणे कठीण. या रूपांतराच्या उष्णतेची भीती घालणारे बरेच असतात, आणि द्रव हायड्रोजनच्या मोठ्या टाक्यांबाबत ती रास्तही आहे. आमच्या घन सेंटीमीटरमागे मात्र ती मिलिवॉटच्या पाचव्या भागाइतकीच भरते आणि शीतकाला तिची दखलही लागत नाही.

९ ऑगस्ट

ऑर्थोचे पॅरा करणारा रूपांतरक गॅसच्या वाटेवर बसवला: तांब्याच्या नळीची वेटोळी, आत लोहाच्या सजल ऑक्साइडचे दाणे. लोहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे अणुकेंद्रांच्या फिरकीचे उलटणे शक्य होते आणि जे काम घनात महिने घेते ते येथे वायू जाता जाता होते. दाणे वापरण्यापूर्वी निर्वातात शंभर अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ तापवावे लागतात. ओलसर दाणे जवळजवळ निरुपयोगी असतात. नळीच्या दोन्ही तोंडांना बारीक सच्छिद्र धातूची गाळणी हवी, अन्यथा लाल धूळ सेलपर्यंत जाते, आणि स्फटिकात पोहोचलेला तो उत्प्रेरक पुढे कोणतेही मापन विश्वासार्ह राहू देत नाही.

तापमान किती ठेवायचे, हाच कळीचा प्रश्न आहे. या थंडीत समतोलातील ऑर्थोचे पॅराशी गुणोत्तर नऊ गुणिले ई चा उणे १७०.५ भागिले तापमान इतका घात, या सूत्राने पुरेसे अचूक मिळते. त्यावरून ऑर्थो ७७ केल्विनला जवळजवळ निम्मा, २० केल्विनला ०.१८ टक्के, १५ केल्विनला ०.०१ टक्के. म्हणजे जितके खाली तितके उत्तम, पण १३.८ ला नळीच गोठते.

१४ ऑगस्ट

गोठली. नियंत्रक १४.२ वर स्थिर होता, पण वेटोळीचे शीतकाकडचे टोक त्याहून थंड असल्याने प्रवाह थांबला. रूपांतरक १५ केल्विनवर आणला आणि दुसरा तापमापी थंड टोकाला लावला.

२३ ऑगस्ट

स्फटिक आता द्रवातून न वाढवता थेट वायूतून वाढवतो. सेल ८ केल्विनला ठेवून पॅराहायड्रोजन मिनिटाला सुमारे ४० घन सेंटीमीटर या गतीने सोडला, की तो भिंतींपासून आत वाढत जातो आणि सेल चारेक तासांत भरतो. सुरुवातीला भिंतीवर धुरकट कडे दिसते. पुढे मधले छिद्र आकसत जाते आणि शेवटी बुबुळासारखे मिटते. शेवटच्या टप्प्यात प्रवाह निम्मा केला नाही, तर मध्यरेषेवर, म्हणजे नेमकी जेथून लेसरची शलाका जाते तेथेच, बुडबुड्यांची ओळ अडकते. भरल्यावर ४ केल्विनपर्यंत मिनिटाला केल्विनच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेगाने उतरावे. एका नमुन्यात घाई केली तेव्हा स्फटिकाला आरपार तडा गेला. तो तडा दिवा तिरपा धरल्यावरच दिसत होता, पण लेसरच्या शलाकेचा ठिपका त्याने दुभंगला.

चांगला नमुना इतका पारदर्शक असतो की सेल भरला आहे की रिकामा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. अपवर्तनांक जेमतेम १.१४ आहे.

५ सप्टेंबर

लेसर लावले. डायोडचे तापमान बदलून तरंगलांबी ढोबळ सरकवायची आणि विद्युतप्रवाह बदलून बारीक फिरवायची, ही नेहमीची पद्धत आहे. रेषा दिसली, पण तिच्याखालची जमीन लाटांची होती. लाटांमधील अंतर जवळजवळ एक प्रति सेंटीमीटर, आणि ३ मिलिमीटर जाडीच्या समांतर सफायरच्या दोन पृष्ठभागांमधील परावर्तनाचा हिशेब नेमका तेवढाच येतो. रेषेच्या रुंदीशी बरोबरी करणारी लाट सर्वांत घातक असते, कारण ती रेषेतून वजा करताना रेषेचाच आकार बदलतो. रिकाम्या सेलचा वर्णपट वजा करूनही लाट पूर्ण गेली नाही. हायड्रोजन भरल्यावर आतील पृष्ठभागाचे परावर्तन कमी होते, त्यामुळे लाटेची उंची आणि जागा दोन्ही बदलतात.

शेवटी अर्ध्या अंशाचा पाचरीसारखा उतार दिलेल्या खिडक्या मागवल्या. त्या करून मिळेपर्यंत कामाचा बराच काळ वाया गेला. नवीन मांडणी करणाऱ्याने समांतर खिडक्या घेऊच नयेत.

शीतकाच्या ठोक्यांचा त्रास वेगळा. दट्ट्या दर सेकंदाला साधारण एक धक्का देतो आणि शलाका शोधकावर हलते. लेसरचा फेरा ठोक्याच्या तुलनेत फार जलद केला, म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा, आणि नंतर सर्व फेरे सरासरीत मिळवले, तेव्हा हा गोंगाट बसला.

१६ सप्टेंबर

तरंगसंख्येचे मापन मिथेनच्या संदर्भ-सेलवर बसवले. मिथेनच्या रेषा ४,००० ते ४,६०० प्रति सेंटीमीटर या संपूर्ण पट्ट्यात दाट आहेत, म्हणून एकच सेल दोन्ही लेसरांना पुरतो. हाच मिथेन युरेनस आणि नेपच्यून यांच्या २ मायक्रोमीटरजवळच्या वर्णपटात हायड्रोजनच्या प्रेरित शोषणावर चढून बसतो आणि निरीक्षकांना दोन्ही एकदमच सोडवावे लागतात. आमच्याकडे तो वेगळ्या काचेत बंद आहे, ही आमची मोठी सोय.

एस-१(०) ची घनातील जागा ४,४८६ च्या आसपास आली. मुक्त रेणूची हीच रेषा ४,४९७.८ ला असते, म्हणजे घनात ती बारा प्रति सेंटीमीटरच्या आसपास खाली सरकते. म्हणून घनातील आकडा ग्रहाच्या प्रारूपात जसाच्या तसा घालण्याचा मोह टाळावा. घन आपल्याला प्रेरणेची यंत्रणा आणि तिच्या तीव्रता स्वच्छ दाखवतो; ग्रहाच्या वातावरणातील पट्ट्याची जागा आणि आकार वायूवरील मापनांवरूनच घ्यावे लागतात.

२८ सप्टेंबर

एस-१(०) चा तळ सपाट आहे. ३० मिलिमीटर मार्गात मध्यावर प्रकाशच उरत नाही, त्यामुळे रेषेची रुंदी आणि क्षेत्रफळ या दोन्हींना अर्थ राहत नाही. सेलमध्ये तांब्याचे पोकळ ठोकळे घालून मार्ग ३ मिलिमीटरवर आणला. आकारमान आता एका घन सेंटीमीटरच्या आत आहे, वायूचा प्रवाह त्या प्रमाणात कमी ठेवला, आणि रेषा पूर्ण उतरली. क्यू-१(०) साठी मात्र लांब सेलच योग्य, कारण ती अतिशय क्षीण आहे आणि तिचे क्षीण असणेच आम्हाला हवे आहे.

कारण असे की, शुद्ध पॅराहायड्रोजनच्या स्फटिकात प्रत्येक रेणू न फिरणाऱ्या, गोलाकार अवस्थेत असतो, त्याला चतुर्ध्रुव क्षेत्र नसते, आणि शेजाऱ्याच्या शुद्ध कंपनाला तो चेतवू शकत नाही. शेजारी एखादा ऑर्थो रेणू असला तरच क्यू-१(०) दिसते. म्हणजे या रेषेचे क्षेत्रफळ हेच ऑर्थोचे मोजमाप.

११ ऑक्टोबर

मोजमापाचे प्रमाणीकरण करण्यासाठी पॅरा वायूत साधा हायड्रोजन ठरावीक प्रमाणात मिसळून नमुने वाढवले. शंभरात एक भाग मिसळला की ०.७५ टक्के ऑर्थो वाढतो. कमी प्रमाणातले हे नमुने आठवडे टिकतात, कारण जोडीदार दुर्मिळ असल्याने रूपांतर जवळजवळ थांबलेले असते. साध्या हायड्रोजनचा नमुना मात्र ताशी सुमारे एक टक्का ऑर्थो गमावतो आणि मोजता मोजता बदलतो. काही टक्क्यांच्या वर रेषेचे क्षेत्रफळ प्रमाणाशी सरळ रेषेत राहत नाही, म्हणून प्रमाणीकरण एक टक्क्याच्या आतच ठेवले.

यानंतर काहीही न मिसळलेला आमचा ‘शुद्ध’ नमुना मोजला. रूपांतरक १५ केल्विनला असल्याने ऑर्थो ०.०१ टक्के असायला हवा होता. निघाला ०.२ टक्के, वीसपट. लेसर, सेल, मिश्रणाचा हिशेब सर्व तपासून झाल्यावर सूत्र उलटे चालवले: ०.२ टक्के हे २० केल्विनच्या समतोलाचे प्रमाण आहे. म्हणजे वायूला शेवटचा परिणामकारक उत्प्रेरक २० केल्विनला भेटला होता, तापमापी काहीही म्हणो.

वेटोळी उघडल्यावर उलगडा झाला. ती आडवी बसवल्याने दाणे खाली बसले होते आणि वरच्या बाजूने वायूला मोकळी वाट मिळाली होती. गॅसच्या प्रवेशाकडील उबदार भागातच काय ती गाठ पडत होती आणि थंड भागातून बराचसा वायू दाण्यांना न शिवता पुढे जात होता. नळी उभी केली, दाणे ठोकून ठोकून घट्ट भरले, वर स्प्रिंग लावली, प्रवाहाची गती निम्म्यावर आणली. पुढच्या नमुन्यात क्यू-१(०) गोंगाटातून जेमतेम वर आली, प्रमाण ०.०२ टक्क्यांच्या आत.

या बिघाडाने वेळ खाल्ला, पण संपूर्ण कामातील सर्वांत बोधक आकडा त्यानेच दिला, कारण ग्रहांवर याच पद्धतीने वाचन केले जाते. ऑर्थो-पॅरा प्रमाण आत्ताचे तापमान सांगत नाही, तर वायू जेथे शेवटचा समतोलात होता तेथले तापमान सांगते. गुरूच्या खोल, उष्ण थरांत तीनास एक हे साधे प्रमाण असते. वायू तेथून वेगाने वर आला, तर रूपांतराला वेळ मिळत नाही आणि थंड थरातही खालचेच प्रमाण टिकून राहते. व्हॉयेजर अंतराळयानावरील अवरक्त वर्णपटमापकाने ३५४ आणि ५८७ प्रति सेंटीमीटरजवळचे एस-०(०) व एस-०(१) हे रेणूच्या नुसत्या फिरण्याचे रुंद पट्टे मोजले. पहिला पॅराचा, दुसरा ऑर्थोचा, आणि त्यांच्या गुणोत्तरावरून गुरूच्या विषुववृत्ताजवळ पॅराचे प्रमाण समतोलापेक्षा कमी असल्याचे, म्हणजेच तेथे वायू वर चढत असल्याचे, अनुमान काढले गेले. ग्रहाच्या वातावरणात उत्प्रेरकाचे काम धूलिकणांचे पृष्ठभाग किती करतात यावर त्या अनुमानातील वेग अवलंबून आहे. आमची आडवी नळी पाहिल्यानंतर त्या वेगांच्या आकड्यांकडे मी अधिक सावधपणे पाहतो: उत्प्रेरक आहे एवढ्याने भागत नाही, वायू त्याला शिवतो का, हेही कळावे लागते.

२० ऑक्टोबर

मांडणी बंद केली. स्फटिक काढताना सेल ४ वरून थेट गरम करू नये. ९ ते १० केल्विनला धरून टाकीकडील झडप उघडी ठेवावी आणि वायू हळूहळू पंपाने ओढावा, म्हणजे तो न वितळता उडून जातो. आधी वितळू दिल्यास द्रव भरण-नळीत चढतो, तेथे उबदार भागाला लागून एकदम उकळतो आणि दाब टाकीपर्यंत झटक्याने पोहोचतो. पॅरा वायू टाकीत जमा केला आहे. स्वच्छ टाकीत खोलीच्या तापमानालाही तो बरेच दिवस पॅरा राहतो, त्यामुळे पुढच्या नमुन्यात थोडी बचत होईल; मात्र टाकीत हवा शिरू देऊ नये, कारण ऑक्सिजनही चुंबकीय आहे आणि तो हेच रूपांतर उलट्या दिशेने घडवतो.

पुढील कामासाठी दोन सूचना. रूपांतरकाच्या नळीवर दोनऐवजी तीन तापमापी बसवावेत. आणि ३० मिलिमीटरचा सेल तसाच ठेवून त्याच शीतकावर ३ मिलिमीटरचा दुसरा सेल जोडावा, म्हणजे एकाच भरणीतून दोन्ही रेषा मोजता येतील; सध्या प्रत्येक रेषेसाठी वेगळा नमुना वाढवावा लागतो आणि दोन नमुन्यांतील ऑर्थो एकसारखा आहे असे गृहीत धरावे लागते.